डी-बारामधले बहिरे काका

ते पत्र जुलैत आलं होतं, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

माजी सैनिकांना घरासाठी कर्ज देणारी एक सहकारी सोसायटी आहे, तिच्या गिंडी भागातल्या कचेरीतून ते आलं होतं. इंग्रजीत, टाइप केलेलं, जेमतेम अर्धं पान. पाकिटावर माझं नाव नव्हतं. 'कर्जदाराचे काका, डी-१२' एवढंच होतं. आत लिहिलं होतं की पाहणीच्या दिवशी आपल्याला ऐकू येत नाही असं सांगण्यात आलं, त्यामुळे तोंडी विचारता आलं नाही. तरी या घरात कोण कोण राहतं, कधीपासून राहतं आणि त्यांचं कर्जदाराशी नातं काय, हे कृपया आपल्या हस्ताक्षरात कळवावं. माहिती खोटी निघाली तर कर्जावरची सवलत पहिल्या दिवसापासून रद्द होईल आणि उरलेलं सगळं कर्ज एकदम भरावं लागेल, हेही होतं. खाली रामस्वामी, तपासनीस, अशी सही. आणि सहीच्या खाली शाईच्या पेनानं, चांगल्या वळणाच्या देवनागरीत एक ओळ: 'ज्यांनी कॉफी आणून दिली त्या बाईंचं नाव विचारायचं राहिलं, तेही कळवावं.'

सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट होतं.

आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्याच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षं काम केलं. हरवलेल्या पुस्तकाबद्दल कोणी दोन ओळींची चिठ्ठी पाठवली तरी मी तिला चार ओळींचं उत्तर देत असे. हे पत्र मात्र मी शब्दकोशात ठेवून दिलं. दोन दिवसांनी माझ्या बायकोनं, त्रिपुरसुंदरीनं, विचारलं, "उत्तर लिहिलांत?"

मी म्हटलं, लिहितो.

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

आता हे सगळं मुळापासून सांगायला हवं. सांगताना मी स्वतःला जरा बरा दाखवीन अशी मला भीती आहे. वाचणाऱ्यानं तेवढी वजावट करून घ्यावी.

माझं नाव सेतुमाधव राव. आम्ही तंजावरचे मराठी. दहा पिढ्या तिकडे गेल्यामुळे घरात आम्ही जी मराठी बोलतो ती ऐकून साताऱ्या-पुण्याच्या माणसाला हसू येतं. इथे लिहितो आहे ती मी पुस्तकांतून शिकलो. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं. मग एका भाड्याच्या घरात अकरा वर्षं राहिलो, ते मालकानं विकलं, आणि सत्तरी ओलांडल्यावर आम्ही पुन्हा घर शोधायला निघालो. घरमालक आधी माझ्या केसांकडे बघायचे, मग पुस्तकांची खोकी किती आहेत ते विचारायचे, आणि मग त्यांना आठवायचं की घर पुतण्याला द्यायचं ठरलं आहे. त्रिपुराचे गुडघे गेलेले, त्यामुळे तळमजलाच हवा होता.

कृष्णकांत भोईटे आम्हाला मराठी मंडळाच्या गणपतीत भेटला. कोरेगाव तालुक्यातला, सैन्यातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, आता एका कंपनीत सुरक्षा अधिकारी. अण्णा नगरमध्ये त्याचं स्वतःचं घर होतं, तिथे तो बायको-मुलांसह राहायचा. पंगतीत माझ्या शेजारी बसला आणि मोकळेपणानं म्हणाला की आवडीजवळ नव्या संकुलात तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर आहे, भाडं त्या भागापेक्षा कमी घेईन, कागद-करार काही नको, फक्त माणसं मराठी पाहिजेत. माझा ऊर भरून आला. भाषेसाठी एवढं करणारा माणूस मी पाहिला नव्हता. घरी येऊन मी ते त्रिपुराला सांगितलं. ती एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली होती. ती म्हणाली, "भाषा मराठी म्हणून भाडं कमी? हे गणित कुठे तरी चुकतंय हां."

चूक चौथ्या महिन्यात कळली. घर त्यानं त्या सोसायटीच्या कर्जातून घेतलं होतं. व्याज बँकेच्या निम्मं, पण अट अशी की कर्जदारानं पाच वर्षं स्वतः तिथे राहायचं. नोकरीपायी तो दुसरीकडे असेल तर घरातलं जवळचं वडीलधारं माणूस चालतं, आई-वडील किंवा काका-काकू. भाडेकरू मात्र चालत नाही. सैनिकाला डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून ते कर्ज, भाड्यानं द्यायचं घर घ्यायला नव्हे. कृष्णकांतनं हे सगळं अगदी सरळ सांगितलं. आणि म्हणाला, "वर्षातून एक तास तुम्ही माझे काका-काकू. एवढंसं नाटक. तमिळ माणसाला काय कळतंय, मराठी बोललं की सगळे एकाच घरातले."

म्हणजे आमची मराठी त्याला याच्यासाठी हवी होती.

पाहणीच्या दिवशी तो सकाळीच आला. माझ्या नावाची पाटी काढून स्वतःची लावली. हरिणीचा, म्हणजे आमच्या मुलीचा, पदवीदानाचा फोटो उतरवून तिथे स्वतःचा गणवेशातला टांगला. दाराशी त्याचे जुने बूट ठेवले. आणि मला म्हणाला, "काका, तुम्ही बोलूच नका. मी सांगतो तुम्हाला ऐकू येत नाही."

मला हायसं वाटलं, हे लिहायला हवं. आयुष्यभर मला परक्या माणसासमोर काय बोलावं हे सुचलेलं नाही. मला जमेल असं सोंग कोणी तरी पहिल्यांदाच दिलं होतं.

तपासनीस रामस्वामी म्हणजे साठीचा, बारीक, पायात कॅनव्हासचे बूट घातलेला माणूस. त्यानं न्हाणीघरात डोकावून पाहिलं, गॅसचं पुस्तक मागितलं, आणि खुर्चीत बसून तो बराच वेळ पुस्तकांच्या कपाटाकडे बघत राहिला. कृष्णकांत म्हणाला, काकांना वाचनाचा नाद आहे, दुसरं करणार काय. त्रिपुरानं आत राहायचं ठरलं होतं. पण पाहुण्याला कॉफी न देता पाठवणं तिला जमेना. कॉफीचं डिकॉक्शन मी सकाळीच पाडून ठेवलं होतं. आमच्या घरी स्वयंपाक मी करायचो. ती भात लावताना वर्तमानपत्रातलं कोडं सोडवायची आणि भात लागायचा.

तिनं तबकातून पेला-डवरा, म्हणजे कॉफीचा पेला आणि खालची वाटी, त्याच्या पुढ्यात ठेवला. एक घोट घेऊन तो मान वर करून स्वच्छ मराठीत म्हणाला, "काकू, आपलं गाव कुठलं?"

बेळगावला मराठ्यांच्या पलटणीत त्यानं एकोणीस वर्षं कारकुनी केली होती. हे कृष्णकांतला ठाऊक नव्हतं.

त्रिपुरा खोटं बोलायची नाही. पापबीप असं काही तिच्या मनात नव्हतं. एक पायरी खोटी लिहिली की पुढच्या सगळ्या लक्षात ठेवाव्या लागतात, म्हणून तिला ते आळशी काम वाटायचं. ती म्हणाली, "तंजावर. मेलवीथी."

पाच मिनिटांपूर्वीच कृष्णकांतनं सांगितलं होतं की काका-काकू जन्मभर कोरेगावला होते. तो हसला. त्याला उत्तर सुचायला वेळ लागला नाही, ही गोष्ट मी त्याला आजही माफ करू शकत नाही.

"नाही साहेब, या काकू नव्हेत. या स्वयंपाकाला ठेवल्यात. काकू गावीच, शेतीचं बघतात."

त्रिपुरानं माझ्याकडे पाहिलं. रामस्वामीनं तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी बहिरा होतो. मी भिंतीवरच्या गणवेशातल्या फोटोकडे पाहत राहिलो, जणू खोलीत कोणी काही बोललंच नाही. तिनं रिकामं तबक उचललं आणि ती आत गेली.

रामस्वामी गेल्यावर कृष्णकांत स्वयंपाकघरात जाऊन तिच्या पाया पडला. म्हणाला, वेळ निभावली काकू, मनावर घेऊ नका. ती म्हणाली, "निभली ना? झालं तर." रात्री जेवताना मी तिला रसम कसं झालंय एवढं विचारलं, तेही मीच केलेलं.

पत्र आल्यावर मी ते कृष्णकांतला दाखवलं. तो म्हणाला, बहिऱ्या म्हाताऱ्याच्या उत्तरावाचून कुणाचं अडलंय, राहू दे. पण तो सावध माणूस. एकदा स्वयंपाकीण म्हटलं तर कागदावरही स्वयंपाकीण असायला हवी, म्हणून त्यानं संकुलाच्या असोसिएशनमध्ये तिची घरकामाची नोंद केली. आठवड्यानं पिवळा प्लॅस्टिकचा पास आला. वर तिचा फोटो, खाली इंग्रजीत 'घरकाम, डी-१२'. पासासाठी फोटो कृष्णकांतनं माझ्याकडे मागितला होता. तो मी दिला.

त्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल मला फार लिहिता येणार नाही. संकुल मोठं आणि नवं, माणसं दारं लावून राहणारी. जी थोडी ओळखीची होती त्यांनी मला बहिरा म्हणून स्वीकारलं. मला ते मानवलं, खरं सांगायचं तर फार मानवलं. संध्याकाळी बागेतल्या बाकावर पुस्तक घेऊन बसलो की कोणी त्रास देत नसे. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, की बहिऱ्यासमोर लोक मन मोकळं करतात. शेजारच्या घरातली श्रीलक्ष्मी मामी आणि तिची मैत्रीण एकदा माझ्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसल्या आणि तमिळमध्ये बोलू लागल्या. डी-बारामधली समैयल अम्मा, म्हणजे स्वयंपाकाची बाई, त्या म्हाताऱ्याच्याच घरात कशी राहते, गळ्यात मंगळसूत्र आहे पण नवरा कुठे दिसत नाही, आणि पुतण्याला हे कसं चालतं. मैत्रीण म्हणाली, पुतण्याला चालतं कारण म्हाताऱ्याला मग त्याला स्वतःला सांभाळावं लागत नाही. मग दोघी हसल्या.

मी पान उलटलं. वाचलेलं नव्हतं तरी उलटलं.

घरी येऊन मी हे त्रिपुराला सांगितलं नाही. पण तिच्यासमोरही कोणी काही बोललं असणार, कारण ती बागेत यायची बंद झाली. दुपारी टेबलाशी बसून त्रिकोणमितीच्या जुन्या पुस्तकातली उदाहरणं सोडवत बसायची. मी विचारलं तर म्हणायची, गुडघा दुखतो.

गेल्या नोव्हेंबरात ती गेली. मूत्रपिंडाचं दुखणं होतं. एक गोष्ट मला लिहावीच लागेल: कृष्णकांतनं तिला तीन वेळा स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. एकदा तर उचलून नेलं. त्या दिवसांत तो रोज फोन करायचा. हे लिहायला मला नको वाटतं, पण न लिहिता पुढे जाणं म्हणजे पुन्हा बहिरा होणं.

हॉस्पिटलातूनच आम्ही स्मशानात गेलो. तेरा दिवस हरिणीनं मैलापूरच्या एका मठात केले. ती मला कोइंबतूरला आपल्या घरी घेऊन जायला तयार होती. मी म्हटलं, पुस्तकं आवरून येतो. चौदाव्या दिवशी मी एकटा घरी परतलो तेव्हा संकुलाच्या फळ्यावर असोसिएशननं लावलेली चिठ्ठी अजून होती. तमिळमध्ये दोन ओळी: 'डी-१२ घरातल्या समैयल अम्मा त्रिपुरसुंदरी यांचं निधन झालं. असोसिएशनला दुःख आहे.' बाजूला पाण्याच्या टाकीच्या सफाईची तारीख.

मी चिठ्ठी वाचत होतो तेवढ्यात श्रीलक्ष्मी मामी आली. भली बाई आहे. माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्यानं म्हणाली, नवी बाई मिळेपर्यंत सांबार मी पाठवत जाईन, काळजी करू नका. त्या संकुलात माझी बायको वारल्याचं सांत्वन मला कोणी करू शकत नव्हतं. मी मान हलवली. चार दिवस सांबार आलं आणि मी ते खाल्लं.

सूड हा शब्द मी हजार वेळा वाचला असेल. त्याचा अनुभव नव्हता. तो आगबीग असतो अशी माझी समजूत होती. माझ्या बाबतीत तो डब्यातल्या सांबाराचा पहिला घास घेताना आला, आणि दातात अडकलेल्या कढीपत्त्यासारखा तिथेच राहिला. काय करायचं ते मात्र कळत नव्हतं. हा माझा जुनाच दोष आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कृष्णकांत संत्री घेऊन आला. एकतीस मार्चला त्याची पाच वर्षं पुरी होत होती. त्यानंतर घर त्याचं, वाटेल त्याला भाड्यानं द्यावं. कंपन्यांत काम करणारं एक जोडपं त्यानं बघून ठेवलं होतं, करार करून, दुप्पट भाड्यानं. मी पंधरा एप्रिलपर्यंत घर सोडावं, हे त्यानं हळुवारपणेच सांगितलं. आता तुम्ही एकटे, मुलीकडे बरं वाटेल. मी हो म्हटलं. मग त्यानं पिशवीतून एक फॉर्म काढला. पाच वर्षं निवास पूर्ण झाल्याचा. घरातल्या राहणाऱ्यानं तो स्वतःच्या हातानं भरून टपालानं पाठवायचा होता.

"मी खाली सही करून ठेवलीय. वरचं तुम्ही भरा, काका. तुमचं अक्षर सुंदर." तो हसला. "पलटणीत असंच असायचं. कारकून भरायचा, आम्ही खाली सही ठोकायचो. एकदाही घोटाळा झाला नाही."

मी फॉर्म पाहिला. 'राहणाऱ्यांची नावं व नातं' असा मोठा चौकोन कोरा होता. तळाशी त्याची ठसठशीत सही.

"काकूंचं काय लिहू?" मी विचारलं.

"काही नको. त्यांचा तसा संबंधच नाही या कागदाशी." उठता उठता त्याला आठवलं. "हां, तेवढा त्यांचा पिवळा पास शोधून ठेवा. परत केला नाही तर असोसिएशन दंड लावते." आणि दारात थांबून म्हणाला, "काकू मोठ्या मनाच्या. एवढं सगळं झालं, पण कधी मनाला लावून घेतलं नाही."

पास शोधायला मला तीन दिवस लागले. कपाट, पर्स, औषधांचा डबा, सगळं पाहिलं. शेवटी तो त्रिकोणमितीच्या पुस्तकात सापडला. ती त्याची खूण म्हणून वापरत होती. नुसती खूण नव्हे. पासाची एक लांब कड पेन्सिलीच्या शिशानं काळी, चकचकीत झाली होती. दोन वर्षं ती त्या पासाला पट्टीसारखं धरून त्रिकोणांच्या रेघा ओढत होती. पुस्तकात ठेवलेल्या कागदांवर शेकडो त्रिकोण होते. शेवटच्या उदाहरणात पाया आणि उंची काढलेली होती, कर्ण ओढायचा राहिला होता.

मनाला लावून घेतलं नाही, असं कृष्णकांत म्हणाला होता.

पहिल्यांदा मला जे सुचलं ते हुशारीचं होतं. त्याच्या सहीच्या वर सगळं खरं लिहून टाकायचं. भाडेकरू, अमुक तारखेपासून, नातं काही नाही. स्वतःच्याच सहीनं त्यानं स्वतःला पकडून द्यावं. दोन दिवस मी या कल्पनेवर खूश होतो. बाकावर बसून एकटाच हसत होतो. आजन्म कारकुनाच्या अक्षरावर विश्वास ठेवण्याची त्याची सवय त्याला बरोबर भोवणार होती. मी पेन काढलं, फॉर्म पुढे ओढला, आणि मग लिहवेना. त्याची कीव आली म्हणून नव्हे. असं लिहिलं असतं तर बोलला असता तो, त्याच्या सहीनं, आणि मी पुन्हा मागे गप्प बसून राहिलो असतो. फोटोकडे बघत.

मग शंका आल्या. घर तर असंही सुटणार होतं. गमावण्यासारखं काही उरलं नाही तेव्हाच मला कंठ फुटतो, तर ते धैर्य कसलं? त्यानं तिला उचलून गाडीत ठेवलं होतं, ते हात कुठे लिहायचे? त्याची दोन मुलं शाळेत आहेत. आणि सगळ्यात वाईट शंका: तिला चालेल का? या एकाच शंकेचं उत्तर माझ्याकडे होतं. तिनं दोन वर्षं आठ महिन्यांपूर्वी विचारलं होतं, उत्तर लिहिलांत?

मी रामस्वामीचं पत्र शब्दकोशातून काढलं. परतीच्या पाकिटाचा डिंक सुकून गेला होता. पहिला मसुदा सात पानांचा झाला, त्यात उपमा होत्या. तो फाडला. दुसऱ्यात मी स्वतःबद्दलच जास्त लिहिलं होतं. तिसरा हा:

'आपल्या पत्राला उशिरानं उत्तर देतो आहे. मला ऐकू चांगलं येतं. त्या दिवशीही येत होतं. मी श्री. भोईटे यांचा काका नाही. मी त्यांचा भाडेकरू. या घरात साडेतीन वर्षं मी राहतो आहे, आणि गेल्या नोव्हेंबरात वारेपर्यंत माझी पत्नी राहत होती. श्री. भोईटे इथे एक रात्रही राहिलेले नाहीत. घराची पाटी वर्षातून एका तासापुरती बदलली जात असे, तेव्हा मी ती बदलू दिली. याची जी शिक्षा मला होण्यासारखी असेल ती मला मान्य आहे. निवासाचा फॉर्म मला कोरा, सही करून देण्यात आला, तो तसाच जोडला आहे. पत्नीला देण्यात आलेला पासही जोडला आहे. तिच्याजवळ याखेरीज या घरात राहिल्याचा दुसरा पुरावा नाही. आपण कॉफी आणून देणाऱ्या बाईंचं नाव विचारलं होतं. त्यांचं नाव त्रिपुरसुंदरी. त्या गणिताच्या शिक्षिका होत्या, माझ्या पत्नी होत्या, आणि कॉफी मी केली होती.'

खाली माझं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. सही नीट आली नाही. पुन्हा केली नाही.

चोवीस मार्चला सकाळी मी निघालो तर फाटकापाशी कृष्णकांतची गाडी. फॉर्म टपालात पडला का ते बघायला तो आला होता. मी म्हटलं, टाकायलाच चाललोय. तो म्हणाला, मग बसा, उन्हात कशाला, मी सोडतो. मी बसलो. वाटेत त्यानं मला पुस्तकं न्यायला टेम्पो ठरवून देतो म्हणून सांगितलं. मी आभार मानले. माझ्या मांडीवर पाकीट होतं आणि मला लाज वाटत नव्हती, याचंच मला नवल वाटत होतं.

पोस्टात फारशी गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईनं पाकीट वजनाला ठेवलं आणि वरून चाचपून आत कडक काय आहे ते विचारलं. मी तमिळमध्ये म्हटलं, एक पास आहे. तिनं पैसे घेतले, शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकीट आपल्या बाजूच्या ढिगात टाकलं.

कृष्णकांत मागे उभा होता. त्यालाही आता तमिळ कळत होतं. "पास असोसिएशनला द्यायचा, काका. सोसायटीला कशाला?"

"त्यांनी तिचं नाव विचारलं होतं."

"कुणी? कधी?"

"दोन वर्षं आठ महिन्यांपूर्वी. तुम्ही म्हणालात, राहू दे."

त्याला कळायला वेळ लागला. मी त्याला मदत केली. पत्रात काय लिहिलंय ते पहिल्या ओळीपासून सांगितलं, आवाज न चढवता, मधली एकही ओळ न गाळता. पाठच झालं होतं. कोरा फॉर्म जोडल्याचं सांगितलं तेव्हा त्याचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. स्वयंपाकीण म्हणालात ते मी ऐकलं होतं, हेही सांगितलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू माझ्या तोंडून दुसराच माणूस बोलतो आहे.

"काका, सगळं कर्ज एकदम भरावं लागेल. घर विकावं लागेल मला. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. म्हणून स्पीड पोस्टनं टाकलं."

त्यानं मला हात लावला नाही. शिवीही दिली नाही. तो खिडकीशी वाकला आणि मोडक्या तमिळमध्ये त्या बाईला म्हणाला की ते पाकीट चुकून टाकलंय, परत द्या, म्हाताऱ्या माणसाला नीट कळत नाही, ऐकूही येत नाही. त्या बाईनं चष्म्यावरून आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिनं ढिगातून पाकीट उचललं. पाठवणाऱ्यानं लिहून दिलं तरच परत मिळेल, असं म्हणून ती माझ्याकडे वळली आणि, मला ऐकू येत नाही असं सांगितलं गेल्यामुळे, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून विचारलं, सार्, परत हवंय का?

रांगेतली माणसं माझ्याकडे बघू लागली.

"वेंडाम," मी म्हटलं. नको. मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्यानं म्हटलं असावं, कारण पलीकडच्या खिडकीतल्या माणसानंही मान वर केली.

तिनं पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.